एकाच टाकीत दोन घरं

नमस्कार मंडळी. आज भांडणाबद्दल बोलायचंय. आपल्या नाही हो, माशांच्या. ज्यांच्याकडे फिशटँक आहे त्यांच्या लगेच लक्षात आलं असेल मी कशाबद्दल बोलतोय, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना वाटेल की मासे कसले भांडतायत, ते तर शांतपणे पोहत असतात, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये बघितलेत की आम्ही. तर तसं काही नसतं.

माझ्याकडे तीन फुटी टाकी आहे. तिच्यात पाच रोझी बार्ब होते आणि एक कन्व्हिक्टची जोडी. कन्व्हिक्ट म्हणजे मध्य अमेरिकेतला, सिक्लिड नावाच्या कुळातला मासा, अंगावर काळे पांढरे पट्टे, जुन्या कैद्यांच्या कपड्यांसारखे, म्हणून ते नाव. दिसायला बोटाएवढे. पण यांनी एकदा अंडी घातली की नर मादी दोघंही पहारा करतात, साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात, पुढे चारपाच दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात आणि मग तर आईबापांच्या अंगात काय संचारतं विचारू नका, टाकीत हात घातला तर हातावर धावून येतात. माझ्या जोडीने आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीत अंडी घातली. आणि एक दिवस सकाळी बघतो तर पाचही बार्ब वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या पाइपामागे, एकमेकांना चिकटून, एकाची शेपटी निम्मी कुरतडलेली. म्हणजे तीन फुटांपैकी अडीच फूट दोघांचे आणि उरलेला कोपरा पाच जणांचा. दुसरी टाकी माझ्याकडे नव्हती, म्हणून ठरवलं की मध्ये पार्टिशन घालायचं.

पहिलं पार्टिशन मी अगदी घाईत केलं, ते कसं करू नये हे सांगायला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. नायलॉनची जाळी घेतली, चार कोपऱ्यांना रबराचे सक्शन कप लावले, काचेला चिकटवले, झालं. दिसायला छान. दोन दिवस टिकलं. काचेवर आपल्याला दिसत नाही असा शेवाळाचा बुळबुळीत थर असतो, त्यावर सक्शन कप धरल्यासारखा वाटतो आणि रात्री हळूच सुटतो. सकाळी जाळीचा एक कोपरा खाली लोंबत होता, दोन बार्ब पलीकडे गेले होते आणि त्यातला एक मेलेला होता. चूक माझी होती, माशांची नाही.

आता यातली गंमत अशी की पार्टिशन म्हटलं की आपल्याला वाटतं ते मजबूत पाहिजे, जाड पाहिजे. अहो, दोन्हीकडे सारखंच पाणी आहे, दोन्हीकडून सारखाच दाब, त्या पडद्यावर जोर असा जवळजवळ येतच नाही. भरतकामाची प्लॅस्टिकची जाळीसुद्धा पुरते. मजबुती नको, कडा नीट पाहिजेत. कारण मासा पडद्याच्या मध्यभागी धडका देत बसत नाही, तो कडेने फिरतो. माझा कन्व्हिक्ट नर दिवसभर काच आणि पडदा जिथे भेटतात त्या रेषेवरून तोंड घासत वर जायचा, खाली यायचा, परत वर, परत खाली, एखादा मिस्त्री लेव्हल बघतो तसा. फट असेल तर त्याला सापडणारच.

दुसऱ्या वेळी मी एग क्रेट वापरली. ऑफिसच्या छतात ट्यूबलाइटखाली बसवलेली ती पांढरी चौकोनी घरांची प्लॅस्टिकची शीट बघितली असेल तुम्ही, तीच. कडक असते, हलकी असते, पाण्यात खराब होत नाही. आधी माप घ्या, आणि बाहेरून नाही, आतून घ्या, काचेची जाडी वजा जाते हे ऐनवेळी लक्षात येतं. वर एकदा, मध्ये एकदा, तळाशी एकदा, कारण बऱ्याच टाक्यांना वर प्लॅस्टिकची चौकट असते, तिथे रुंदी कमी भरते आणि मग अख्खा तुकडा आत जातच नाही, तिरका करून घालावा लागतो. आणि तळाशी, काच काचेला जोडलेली असते तिथे सिलिकॉनची गोलसर रेघ असते, तिच्यामुळे तुमचा काटकोनी तुकडा खाली टेकतच नाही, दोन्ही बाजूंना बारीक फट राहते. उपाय सोपा आहे, खालचे दोन कोपरे थोडे छाटून टाका.

कापायला वायर कापायची पक्कड बरी. चष्मा घाला, ते तुकडे गोळीसारखे उडतात, मला आठवडाभर घरात सापडत होते. कापल्यावर कडेला बारीक काटे राहतात, ते अगदी मुळापासून काढा, मग कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासा. आणि एक टेस्ट करा, जुना नायलॉनचा मोजा घ्या आणि त्या कडेवरून फिरवा. मोजा अडकला तर माशाचा पंखही अडकणार, परत घासा.

आता भोकांचं. एग क्रेटचं एक घर साधारण बारा मिलिमीटरचं असतं. ऑस्करसारख्या मोठ्या माशाला ते चालतं, छोट्या माशाला नाही. आणि इथे लोक एक चूक करतात, त्यांना वाटतं मासा मावत नाही ना, झालं तर मग. पण सगळ्यात वाईट भोक ते, ज्यातून डोकं जातं आणि अंग जात नाही. मासा पुढे घुसतो, मागे यायला गेला की कल्ल्यांच्या झाकणाच्या कडा अडकतात, गळासारख्या, आणि तो तिथेच तडफडतो. म्हणून टाकीतल्या सगळ्यात छोट्या माशाचं डोकंसुद्धा घुसणार नाही असं भोक पाहिजे. मी एग क्रेटवर ती भरतकामाची बारीक जाळी ठेवली, काळी, आणि चारही बाजूंनी केबल टायने बांधून टाकली, म्हणजे कडकपणा एग क्रेटचा आणि बारीक भोकं जाळीची. काळी जाळी घ्या, पाण्यात चार दिवसांनी दिसतच नाही. धातूची जाळी मात्र अजिबात नको. तांबं आणि जस्त पाण्यात उतरतं आणि माशांना बाधतं, गोगलगाय आणि झिंगे असतील तर त्यांना आधी.

उभं कसं करायचं? एग क्रेटचीच चार बोटं रुंद पट्टी कापली आणि पार्टिशनच्या तळाला आडवी बांधली, एल आकारात, पाय असल्यासारखी. ती रेतीखाली गाडायची. वर रेतीचं वजन बसलं की हलत नाही. बाजूला फाइलची ती लांब प्लॅस्टिकची पट्टी, पानं एकत्र धरायला वरून सरकवतो ती, ती दोन्ही उभ्या कडांवर सरकवली, म्हणजे काचेला गुळगुळीत टेकते आणि उरलीसुरली फट भरून निघते. सिलिकॉनने चिकटवायचं असेल तर टाकी रिकामी आणि कोरडी पाहिजे, ओल्या काचेवर ते धरत नाही, शिवाय बाथरूमसाठी मिळतं ते बुरशी न येणारं सिलिकॉन चालणार नाही, त्यात माशांना विषारी औषध असतं. चालू टाकीत या भानगडीत पडूच नका. आणि उंची झाकणापर्यंत ठेवा, पाण्याच्या पातळीवर थांबवू नका, चिडलेला मासा पलीकडे उडी मारतो, घाबरलेला तर मारतोच मारतो.

फिल्टर एकीकडे, हीटर एकीकडे असं झालं तर? जाळीतून पाणी फिरत असेल तर फार फरक पडत नाही. फिल्टर एका बाजूने पाणी ओढेल आणि दुसरीकडे सोडेल असं जमवलं तर उत्तमच. पण जाळी शेवाळाने भरली की मात्र पंचाईत. माझ्याकडे एकदा एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूपेक्षा बोटभर वर दिसलं, मला वाटलं टाकीच वाकडी झाली, लेव्हल लावून बघितली मी. जाळी तुंबली होती. आता दर आठवड्याला पाणी बदलताना जुना टूथब्रश फिरवतो.

यानंतर जी गोष्ट आहे ती मला उशिरा कळली. मासा डोळ्यांनी भांडतो. निको टिनबर्गन नावाचे डच शास्त्रज्ञ होते, प्राण्यांच्या वागण्यावरच्या कामासाठी त्यांना 1973 चं नोबेल मिळालं, कॉनराड लॉरेन्ट्स आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर. त्यांच्याकडे स्टिकलबॅक नावाचे छोटे मासे होते, विणीच्या काळात त्यातल्या नराचं पोट लाल होतं आणि दुसरं लाल पोट दिसलं की तो हल्ला करतो. आणि हे मासे खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली तरी काचेवर धावून जायचे! आता तुम्ही दोन बेट्टा, म्हणजे फायटर फिश, नरांमध्ये पारदर्शक ॲक्रिलिकची शीट लावलीत तर काय होणार? दिवसभर दोघं कल्ले फुलवून समोरासमोर उभे. चावता येत नाही म्हणजे ताण नाही असं नाही, खाणं सुटतं, रंग उतरतो. त्यामुळे आरपार दिसणारं पार्टिशन मला पटत नाही. दोन जाळ्या एकमेकींवर थोड्या सरकवून बांधा, किंवा दोन्ही बाजूंनी दाट झाडं लावा. आणि बेट्टा वर येऊन हवा घेतो, म्हणून दोन्ही घरांत पाण्याचा वरचा भाग मोकळा ठेवा.

एक मात्र सांगून ठेवतो, पार्टिशन मारामारी थांबवतं, आजार नाही. पाणी एकच आहे. एका बाजूला पांढरे ठिपके आले की औषध दोन्ही बाजूंना पोचणार, रोगही पोचणार. आजारी मासा बाजूला ठेवायचा तर बादली बरी.

सिक्लिड पाळणारे लोक तर याच पार्टिशनचा फार हुशारीने वापर करतात. नर मोठा आणि मारकुटा असेल तर पडद्यात एक भोक पाडतात, मादी जाईल आणि नर जाणार नाही एवढंच. मादीला वाटलं तर ती पलीकडे जाते, नाही वाटलं तर आपल्या घरी. काही जण तेवढंही करत नाहीत, मादीचा दगड जाळीला लागून ठेवतात, ती जाळीपाशी अंडी घालते, नर पलीकडून, आणि पाण्याबरोबर काम होऊन जातं.

माझं पार्टिशन दीड महिना राहिलं. पिल्लं थोडी मोठी झाल्यावर दुसऱ्याला दिली. मग पार्टिशन तसंच उपटून काढलं नाही, कारण कन्व्हिक्टला ती अर्धी टाकी आपलीच वाटत असणार. आधी कुंडी उचलली, दगड इकडचे तिकडे केले, झाडं हलवली, म्हणजे कोणाचंच जुनं घर शिल्लक नाही, आणि मग संध्याकाळी दिवा बंद करून जाळी वर ओढली. सकाळी सगळेच गोंधळलेले होते. चारही बार्ब टाकीभर फिरत होते, आणि कन्व्हिक्ट नर जिथे जाळी होती तिथे, रिकाम्या काचेवर, तोंड घासत वर खाली करत होता.