पाच घोंगड्या

[दृश्य: पहाट, धुकं, ज्वारीचं रान]

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, होऊन आठ दिवस झालेत. लातूर आणि अंबाजोगाईच्या मधल्या या रानात ज्वारी निसवलीय, कणसात चीक धरलाय. ऊन चढायच्या आत कणसं मोडून आणायची म्हणून बाया दिवस उगवायलाच वावरात उतरल्यात. हातात विळा, अंगावर स्वेटर, डोक्याला टॉवेल.

आज इथं हुरडा आहे. ताटाचा दर ठरलेला नाही, ज्याला जमेल तसं त्यानं द्यायचं. हा पैसा जातो घरोघरी फिरणाऱ्या एका पथकाला. ज्यांचा आजार आता बरा होणारा नाही, अशा माणसांचं दुखणं हे पथक घरी जाऊन हलकं करतं. दर पौषात हा कार्यक्रम होतो. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे मंडपवाला मोकळा असतो आणि खांब-कापडाचं भाडंही तो घेत नाही.

[दृश्य: आगटी, गोवऱ्यांचा धूर]

आगटी पेटलीय. निखाऱ्यावर कणसं, वरून राख. गरम कणीस तळहातावर घेऊन चोळायचं, फुंकर मारायची, दाणे सुपात. चोळणाऱ्यांचे तळवे दुपारपर्यंत लाल होतात. सोबत तिळाची चटणी, गूळ, दही.

[दृश्य: घोंगडीचा माग, नोव्हेंबर]

अशा पेशंटसाठी झटणाऱ्यांचा या कार्यक्रमात सत्कार होतो. यंदा सत्काराला शाल नाही, घोंगडी आहे. हे कसं ठरलं ते सांगायला हवं. मागच्या वर्षी सत्कार झालेल्या एक मावशी म्हणाल्या होत्या, "शाल कपाटात ठिवली. रात्री पेशंटपाशी बसताना पांघरायला काय तरी द्या." मंडळी तिथून थेट मागावर गेली.

काळ्या लोकरीला रंग लागत नाही. मेंढ्यांची लोकर कातरून आणली की ती पिंजायची, मग घरातल्या बाया चरख्यावर सूत काढतात. हे सूत केसाळ, एकमेकांत अडकणारं. ते ताठ व्हावं म्हणून चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून खळ करतात. अंगणात ताणा पसरून कुंच्यानं ती खळ सुताला पाजतात. वाळल्यावर ताणा मागावर चढतो. माग खड्ड्यातला. विणणारे आजोबा कमरेपर्यंत जमिनीत बसलेत, पाय खाली, धोटा डावीकडून उजवीकडे. एक घोंगडी, मग दुसरी. पाच व्हायला दिवाळीनंतरचा महिना गेला. आजोबांनी एका घोंगडीचे पैसे घेतले नाहीत. त्यांची बायको अशाच आजारात गेली, तेव्हा हे पथक नव्हतं.

[दृश्य: भिंतीवरचं घड्याळ]

हे घड्याळ नीट पाहा. काचेवर कुंकवाचे तीन ठिपके आहेत. सहावर, दहावर, दोनवर. या घरातल्या आजींना वाचता येत नाही. आजोबांना तोंडाचा कॅन्सर. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी द्यावी लागते, दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी. गावच्या आशाताईंनी हे ठिपके लावले. काटा ठिपक्यावर आला की गोळी. रात्री दोनलासुद्धा.

मॉर्फिन अफूपासून होतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीपायी बहुतेक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं. कायदा सैल झाला २०१४ साली. मधल्या काळात किती माणसं कण्हत गेली, ते ज्याच्या त्याच्या घराला माहीत आहे. बरं न होणाऱ्या पेशंटना शेवटपर्यंत सांभाळणारं देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, मुंबईत वांद्र्याला १९८६ साली उघडलं. केरळनं या सेवेचं धोरण २००८ साली केलं, महाराष्ट्रानं २०१२ साली. पण धोरण कागदावर असतं. गोळी गावात पोचवायला माणूस लागतो.

आमच्याकडचा पेशंट आधी बार्शीच्या कॅन्सर दवाखान्यात जातो, नाहीतर लातूरहून रात्रीची गाडी धरून मुंबईला, टाटाला. बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, त्यात आपले भूम-परंड्याचे रुग्णही येतात. शेवटी डॉक्टर सांगतात, आता घरी घेऊन जा. ते वाक्य ऐकून घरचे एसटीत बसतात. आपलं पथक सुरू होतं तिथून पुढे.

[दृश्य: दुकानाचं बंद शटर, मोटरसायकल, धोकटी]

सोमवारी गावातली सलूनं बंद असतात. हे काका त्या दिवशी धोकटी घेऊन निघतात. पथकाच्या सिस्टर आदल्या दिवशी गावं सांगतात. अंथरुणावरच्या माणसांची दाढी करायची, केस कापायचे. पैसे नाहीत.

[बाईट: काका]

"गाल आत गेल्याला असतो, वस्तरा सरळ चालत नाही. एका हातानं कातडी ताणून धरायची, दुसऱ्या हातानं हळूहळू. जखमंच्या कडंला तर श्वास रोखून. पाणी कोमट पाहिजे. दाढी झाली की आरसा मागतात बघा. आधी कुणीच मागत नाही."

दाढी करताना आम्ही चित्रीकरण केलं नाही. घड्याळ दाखवलं, ते त्या घरच्यांनी आपणहून बोलावलं म्हणून.

[दृश्य: संध्याकाळ, मंडप, रांगोळी]

पाहुणे आलेत. लातूर, परळी, उदगीर, धाराशिव. काही जण पुण्याहून गावी आलेले. हुरडा सुपांतून फिरतोय. व्यासपीठ म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, पाठीमागे सतरंजी लावलेली.

पहिली घोंगडी आशाताईंना. दुसरी न्हावीकाकांना. तिसरी एका रिक्षावाल्या भावाला, ते रात्री-अपरात्री ऑक्सिजनचं सिलिंडर पोचवतात. चौथी ज्वारीची पातळ पेज रोज डब्यात देणाऱ्या बचत गटाला. पाचवी घड्याळवाल्या आजींना.

आजोबा दिवाळीच्या आधी गेले, घरीच. आजींनी घोंगडी घेतली आणि माईक नको म्हणाल्या.

[दृश्य: आजी. निवेदन नाही. घोंगडी खांद्यावर घेईपर्यंत थांबा.]

पेटी फिरली. जमलेल्या पैशात गाडीचं डिझेल, औषधं आणि दोन सिस्टरचा पगार निघेल.

[दृश्य: रात्र, विझत आलेली आगटी]

भांडी घासून झाली. मंडपवाल्याची पोरं खांब उपटतायत. काकांनी घोंगडी घडी करून कॅरिअरला बांधली, सिस्टर म्हणाल्या, "काका, बांधू नका, पांघरून जावा, थंडी लई हाय." मग ती सोडून त्यांनी अंगावर घेतली. सिस्टरनी मोबाईलच्या उजेडात कागदावर दोन नावं लिहून दिली, एक रेणापूरच्या बाजूचं, एक अहमदपूरकडचं. काकांनी कागद धोकटीत ठेवला. उद्या सोमवार.