कंपवातात नेमक्या कोणत्या पेशी मरतात?

कंपवात (पार्किन्सन) म्हणजे मेंदूतलं डोपामिन, हे पेशींमधले निरोप नेणारं रसायन, कमी होणं, हे मिरजेत कुठल्याही ओपीडीबाहेर बसलेले नातेवाईकसुद्धा सांगतील. खरंच आहे ते. पण डोपामिन बनवणाऱ्या सगळ्याच पेशी काही या आजारात मरत नाहीत. मला आज बोलायचंय ते या निवडीबद्दल.

मध्यमेंदूत एक काळसर पट्टा असतो, सब्स्टॅन्शिया नायग्रा. त्याच्या खालच्या थरातल्या पेशी आधी जातात. त्यांना लागूनच, मध्यभागाकडे, डोपामिनच बनवणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात, त्या बऱ्यापैकी तग धरतात. शेजार तोच, काम जवळपास तेच. मग एकीलाच का गाठतो हा आजार?

डीएनए दोघींत सारखाच. फरक आहे तो कोणती जनुकं चालू आहेत यात, आणि ते कळतं आरएनएवरून, म्हणजे चालू जनुकाची पेशी जी नक्कल काढते तिच्यावरून. पूर्वी मेंदूचा अख्खा तुकडा वाटून आरएनए मोजायचे. म्हणजे आपलं भडंग मिक्सरमधून काढायचं आणि मग त्यात लसूण कुठे होता ते शोधायचं! 2009 मध्ये एकाच पेशीतला आरएनए वाचता आला. 2015 पर्यंत हजारो पेशी एकाच वेळी वाचणं शक्य झालं. एकेक पेशी तेलातल्या सूक्ष्म थेंबात बंद होते आणि तिच्या आरएनएवर तिचा स्वतःचा बारकोड चढतो.

माणसाच्या बाबतीत एक अडचण आहे. मेंदू मिळतो तो मृत्यूनंतर, गोठवलेला. त्यातून अख्खी चेतापेशी सोडवता येत नाही, तिचे फाटे तुटतात. म्हणून नुसतं केंद्रक घेतात, आरएनए त्यातही असतो. असं करून 2022 मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या गटाने डोपामिन पेशींचे 10 प्रकार वेगळे काढले. कंपवाताच्या रुग्णांत त्यांतला एक प्रकार सगळ्यांत जास्त घटलेला होता. त्याची खूण एजीटीआर-1 हे जनुक. आनुवंशिक धोक्याशी जोडलेली जनुकंही याच प्रकारात जास्त चालू होती. म्हणजे मरणाची निदान काही कारणं त्या पेशीच्या आतच असावीत. मला हा भाग खुणेपेक्षा मोलाचा वाटतो.

एजीटीआर-1 म्हटल्यावर पुढच्या रांगेतले डॉक्टर हसले. बरोबर, टेल्मिसार्टन, लोसार्टन या ब्लडप्रेशरच्या गोळ्या पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, अडवतात, त्याचंच हे जनुक. पण खूण सापडली म्हणजे कारण सापडलं असं नाही. तेव्हा ब्लडप्रेशरची गोळी ब्लडप्रेशरसाठीच घ्या.

आणखी एक. रुग्णाच्या मेंदूत आपण वाचतो त्या उरलेल्या पेशी. गेलेल्या काय म्हणत होत्या, ते निरोगी मेंदूशी ताडूनच ओळखायचं. त्यासाठी दोन्ही प्रकारचे मेंदू लागतात. बंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत 1995 पासून मेंदूपेढी आहे, म्हणजे मृत्यूनंतर दान केलेले मेंदू जपून ठेवण्याची सोय. मात्र आरएनए मृत्यूनंतर विघटित होऊ लागतो, आणि सांगलीहून बंगळुरू काही जवळ नाही.