छपराखालचं शहर: बोलोन्यातली संध्याकाळ

(दृश्य: नेपच्यूनचा चौक, दिवेलागणीची वेळ. कारंज्याभोवती माणसं.)

जून महिना. नऊ वाजत आलेत, तरी आकाशात उजेड आहे. दिवसभर तापलेल्या लाल विटा आता कुठे निवू लागल्यात आणि बोलोन्याकर घराबाहेर पडलेत. इटलीला येणारे आपले लोक रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करतात. बोलोन्या बहुतेकांना दिसतं ते गाडी बदलताना, स्टेशनापुरतं. तेव्हा आज ते पायी बघू.

फेरी सुरू होते नेपच्यूनच्या कारंज्यापासून. जाम्बोलोन्या या शिल्पकाराने १५६०च्या दशकात घडवलेला हा धिप्पाड कांस्य समुद्रदेव. सगळ्यांचे मोबाइल त्याच्याकडे वळतात. गाइड मात्र लगेच सगळ्यांना त्याच्याकडे पाठ करायला लावते.

समोर एक भिंत आहे आणि भिंतीवर फोटो. हाताच्या तळव्यात मावतील एवढे, ओळीने लावलेले, दोन हजारांहून जास्त. कुणी टाय लावलेला, कुणाला मिसरूड फुटलेलं. दुसऱ्या महायुद्धात नाझी आणि फॅसिस्टांशी लढताना मारले गेलेले हे इथले लोक. त्यांच्यातल्या काहींना याच भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या होत्या. २१ एप्रिल १९४५ला शहर मोकळं झालं आणि घरच्या बायकांनी इथे फुलं आणि फोटो आणून लावायला सुरुवात केली. हे स्मारक उभं राहिलं ते असं, कुणाच्या आदेशाची वाट न बघता.

शहरात त्या सकाळी पहिले शिरले दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढणारे पोलिश सैनिक. पण दोस्तांची ती मोहीम बारा दिवस आधी, पूर्वेकडे सेनिओ नदीवर सुरू झाली होती. ९ एप्रिलला तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून वाहून आणलं. मग पुन्हा पलीकडे जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या आणि नदीच्या बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्या तुकड्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. बोलोन्याच्या फेरीत हे नाव कुणी घेत नाही. मराठी निवेदनात ते आलंच पाहिजे.

(दृश्य: पोदेस्ता महालाखालची कमान. कोपऱ्यात तोंड घालून उभे दोन पर्यटक.)

चौकाला लागून पोदेस्ता महाल, त्याच्या खाली चारी बाजूंनी उघडी कमान. गाइड दोघांना तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत पाठवते. मोठी मोठी माणसं शाळेत शिक्षा झाल्यागत भिंतीकडे तोंड करून उभी. एक जण अगदी हळू पुटपुटतो. शब्द छताच्या बाकावरून सरकत पलीकडच्या कोपऱ्यात उतरतो आणि तिथल्याला स्वच्छ ऐकू येतो. मधोमध उभ्या असलेल्यांना काहीच कळत नाही. कुष्ठरोग्यांची पापं पाद्री इथे अशी लांबून ऐकायचे, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कुणास ठाऊक. पण प्रयोग दर वेळी जमतो आणि दहा मिनिटं कुणी तिथून हलत नाही.

सान पेत्रोनिओचं अवाढव्य चर्च एव्हाना बंद झालेलं असतं, त्यामुळे बाहेरूनच बघायचं. खाली संगमरवर, वर उघड्या विटा. १३९०मध्ये काम सुरू झालं, दर्शनी भाग आजही अपुराच आहे. त्याच्यासमोर, पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकात, उन्हाळ्यात मोठा पडदा लागतो आणि अंधार पडला की फुकट सिनेमा. खुर्च्या भरल्या की लोक फरशीवर फतकल मारतात.

इथून पुढे आपण चालतो ते छपराखालून.

(दृश्य: कमानींची लांबच लांब रांग. दिव्यांचा पिवळा उजेड.)

या पोर्तिको. घराचा वरचा मजला पुढे आलेला, त्याला खालून खांबांचा आधार आणि खांब-दुकानांच्या मधून चालायची वाट. जुन्या शहरात अशी ३८ किलोमीटर वाट आहे, बाहेरची धरून ६२. पाऊस असो, बर्फ असो, ऊन असो, बोलोन्याकर छत्री विसरला तरी त्याचं फारसं अडत नाही. २०२१मध्ये युनेस्कोने या पोर्तिकोंना जागतिक वारशात घेतलं.

हे कुणी आखून केलं नव्हतं. इथलं विद्यापीठ आपला जन्म १०८८चा सांगतं. कायदा शिकायला सगळ्या युरोपातून पोरं येऊ लागली आणि गावात राहायला जागा पुरेना. मग घरमालकांनी वरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या. भार जास्त झाला तेव्हा खाली लाकडी खांब दिले. सरळ सांगायचं तर अतिक्रमण. इतर कितीतरी शहरांनी असली बांधकामं पुढे पाडायला लावली. बोलोन्याने उलट केलं. १२८८च्या नियमांत घरमालकांवर पोर्तिको बांधायची सक्तीच केली. जमीन मालकाची, डागडुजी मालकाची, पण चालायचा हक्क सगळ्यांचा. उंचीही ठरवून दिली: निदान सात बोलोनीज फूट, म्हणजे २.६६ मीटर, घोडेस्वार खालून जाऊ शकेल इतकी.

अतिक्रमणं नियमित करायचे ठराव आपल्याकडेही होतात. पण त्या बदल्यात पायी चालणाऱ्याच्या पदरात काही पडल्याचं ऐकिवात नाही.

(दृश्य: कमानीतून वर बघताना दोन मनोरे.)

बाजारातल्या चिंचोळ्या गल्ल्यांमधून, टांगलेल्या मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं जाडजूड सॉसेज) आणि चीजच्या चाकांवरून नजर फिरवत आपण दोन मनोऱ्यांपाशी येतो. वाटेत १४६५पासून चालू असलेला एक गुत्ता लागतो, ओस्तेरिया देल सोले. तिथे फक्त प्यायला मिळतं, खायचं आपलं आपण न्यायचं. शाकाहारी मंडळींना यापेक्षा सोयीची जागा नाही.

उंच मनोरा आसिनेल्ली, ९७ मीटर. पदवी हातात पडण्याआधी त्यावर चढलं तर पदवी मिळत नाही, असं विद्यार्थी मानतात. शेजारचा बुटका गारिसेंदा जवळजवळ चार अंशांनी कललेला आहे. चौदाव्या शतकात धोका नको म्हणून त्याचा वरचा भाग उतरवला, आता ४८ मीटर उरलाय. त्याआधी इटालियन महाकवी दान्तेने तो पाहिला होता. 'डिव्हाइन कॉमेडी'च्या नरकखंडात एक राक्षस वाकतो, तेव्हा कवीला गारिसेंदा आठवतो: मनोऱ्यावरून ढग सरकत असला आणि आपण कललेल्या बाजूला खाली उभे असलो, की मनोराच अंगावर येतोय असं वाटतं. आज तितकं जवळ जाता येत नाही. मनोऱ्याची हालचाल वाढल्याचं दिसलं म्हणून ऑक्टोबर २०२३पासून भोवती कुंपण आहे, मजबुतीचं काम चालू आहे.

पुढे स्त्रादा माज्जोरेवर इसोलानी घराण्याचं घर. गाइड इथे थांबते आणि वर बोट दाखवते.

(दृश्य: ओकचे खांब, अगदी जवळून.)

तेराव्या शतकातलं घर, आणि पोर्तिको अजून लाकडाची. सुमारे नऊ मीटर उंच ओकचे खांब, काळपट पडलेले, उभ्या भेगा इतक्या रुंद की बोट आत जावं. १५६८मध्ये लाकडी खांब काढून विटा-दगडाचे बसवायचा हुकूम निघाला होता. त्यातून जे थोडे वाचले त्यांपैकी हे. छताच्या तुळयांत तीन बाण रुतलेत म्हणतात. नवऱ्याने संशयापायी बायकोवर तिघे तिरंदाज घातले, ती विवस्त्र समोर आली आणि तिघांचाही नेम चुकला. दहा मोबाइलचे टॉर्च वर जातात. मान दुखेपर्यंत शोधल्यावर कुणीतरी "दिसला" म्हणतं, आणि बाकीचेही मग दिसल्यासारखं करतात.

घराच्या पोटातूनच एक बोळ सांतो स्तेफानो चौकात निघतो. सांतो स्तेफानो म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या जुन्या चर्चांचा समूह. चौकात गोट्यांची फरसबंदी, कडेला कॉफीची टेबलं. फेरी इथे संपते. टाळ्या वाजतात, गाइडच्या हातात नोटा पडतात.

ज्यांच्या पायांत अजून दम आहे त्यांना ती उद्याचा पत्ता देते: सारागोझ्झा वेस. तिथून टेकडीवरच्या सान लुकापर्यंत पोर्तिको जाते. ६६६ कमानी, पावणेचार किलोमीटरच्या आसपास, शेवटचा भाग चांगलाच चढाचा. तिच्या बांधकामाचं कारणही पाऊसच. १४३३मध्ये पाऊस थांबेना, पीक बुडायची वेळ आली, तेव्हा टेकडीवरच्या मारियामातेचं चित्र मिरवत शहरात आणलं आणि पाऊस थांबला, अशी इथली श्रद्धा. तेव्हापासून चित्र दरवर्षी खाली येऊ लागलं. वाटेत ते आणि त्याच्यामागची माणसं भिजू नयेत म्हणून १६७४मध्ये लोकांनी वर्गणी काढून छप्पर घालायला घेतलं.

पाण्याची बाटली घेऊन जा, असं गाइड बजावते. चढ सुरू झाला की सावली भरपूर, पण नळ क्वचितच.