जेनचा टारझन

श्रोतेहो, नमस्कार.

टारझन म्हटलं की आधी कानात ती आरोळी घुमते आणि मागोमाग वेलीला लोंबकळत जॉनी वाइसमुलर येतो. ऑलिंपिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदकं मिळवलेला हा गडी. १९३२ ते १९४८ या काळात बारा चित्रपटांत तो टारझन झाला, सहा एमजीएमचे आणि सहा आरकेओचे, या दोन हॉलिवूडच्या चित्रपट कंपन्या. त्यातला दुसरा चित्रपट १९३४ सालचा, ‘टारझन अँड हिज मेट’. माझ्या मते साऱ्या मालिकेत हाच सरस, आणि त्याचं श्रेय जेनचं, इंग्लंड सोडून टारझनबरोबर जंगलात राहिलेल्या त्याच्या जोडीदारणीचं.

जेनवर जीव असलेला हॅरी होल्ट आपल्या मित्राला, मार्टिन आर्लिंग्टनला घेऊन पुन्हा आफ्रिकेत येतो. हत्ती जिथे मरायला जातात तिथलं हस्तिदंत दोघांना हवंय. होल्टला शिवाय जेनही हवीय! म्हणून तिच्यासाठी पॅरिसचे झगे, अत्तरं, ग्रामोफोन असा सगळा संसार हमालांच्या डोक्यावरून जंगलात आणलेला. जेन झगा घालते, अत्तर लावते, तबकडीच्या सुरावर नाचते. टारझन तिच्याभोवती हुंगत फिरतो. तिला या गोष्टी मनापासून आवडतात आणि चित्रपट ते लपवत नाही. तरी ती परत जात नाही. कुणी तिला अडवलेलं नाही, तिनेच ठरवलंय. जेन झालेल्या मॉरीन ओ’सलिव्हनने हे इतकं हसतखेळत केलंय की होल्टची कीव येते. शेवटी सिंह चाल करून येतात तेव्हा बंदूक हातात घेऊन तीच उभी राहते.

आता या जंगलाबद्दल. हे जंगल बरंचसं कॅलिफोर्नियातलं, आणि आफ्रिकेत चित्रित झालेल्या ‘ट्रेडर हॉर्न’ या चित्रपटाची उरलेली दृश्यं मधेमधे जोडलेली. टारझनच्या हाकेला धावणारे हत्ती तर आपल्याकडच्या जातीचे! आफ्रिकेतले वाटावेत म्हणून त्यांना मोठाले खोटे कान बांधले होते. एकदा हे कळलं की दर वेळी नजर कानांकडेच जाते. टारझन ज्या मगरीशी झुंजतो ती यंत्राची. दिग्दर्शक म्हणून नाव सेड्रिक गिबन्सचं, ऑस्करच्या बाहुलीचा आराखडा ज्याने केला तोच हा कलादिग्दर्शक. बरंचसं काम प्रत्यक्षात जॅक कॉनवेने केलं, पण गिबन्सचा हात फ्रेमफ्रेममध्ये दिसतो. कडे, धुकं, हाडांनी भरलेली ती दरी, सगळं कृष्णधवलात असं काही उभं राहतं की खरंखोटं विचारायचं भान राहत नाही.

एक गोष्ट मात्र आज बघवत नाही. आर्लिंग्टन पुढे जायला नकार देणाऱ्या हमालाला सरळ गोळी घालतो. तो खलनायक, ते एक वेळ समजू. पण इतर आफ्रिकी हमाल कड्यावरून पडतात, मारले जातात आणि कुणी क्षणभर थांबतही नाही. हत्तीसाठी टारझनचे डोळे भरून यावेत आणि या माणसांची नावंही आपल्याला कळू नयेत, हे खटकतं.

ज्या प्रसंगावरून तेव्हा गदारोळ झाला तो पाण्याखालचा. टारझन आणि विवस्त्र जेन पाण्यात एकत्र पोहतात. तिथे ओ’सलिव्हनच्या जागी ऑलिंपिक जलतरणपटू जोसेफिन मॅकिम आहे. सेन्सॉरने हरकत घेतली, एमजीएमने अपील केलं, हरलं, आणि प्रसंग कापला गेला. चित्रपट एप्रिलमध्ये आला होता. जुलैपासून पडद्यावर काय दाखवायचं याची हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली आणि तिचा पहिला फटका बसला जेनच्या कपड्यांना. १९३६च्या ‘टारझन एस्केप्स’मध्ये ती अंगभर झाकलेली, झाडावरच्या घरात संसार थाटलेली दिसते. घराला लिफ्ट, आणि ती ओढायला हत्ती! १९३९च्या चित्रपटात मुलगा हवा झाला, पण दोघांचं लग्न पडद्यावर कधी लागलेलंच नाही. मग मूल आणायचं कुठून? विमान कोसळलं आणि त्यातून बाळ मिळालं. गंमत आहे खरी, पण त्या स्वैपाकघरात १९३४ची जेन हरवली.

टारझनची हवा मुंबईपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. होमी वाडियांनी १९३७ साली जॉन कावस या नटाला घेऊन ‘तूफानी टारझन’ काढला. तो काढणाऱ्या ‘वाडिया मूव्हिटोन’ कंपनीचा परळचा स्टुडिओ पुढे व्ही. शांतारामांकडे आला आणि ‘राजकमल’ झाला. शांतारामांच्या परळमध्ये एके काळी टारझनची आरोळी घुमत होती, म्हणायला हरकत नाही.

तुम्हाला ‘टारझन अँड हिज मेट’ पाहायचा असेल, तर मिळेल ती प्रत घेऊन बसू नका. कापलेला पोहण्याचा प्रसंग १९८६ साली पुन्हा जोडला गेला. तो असलेलीच प्रत शोधा. आणि हत्ती आले की कानांकडे बघू नका, जमलं तर.

नमस्कार.