वाकून बघा, मग ठरवा

मंडळी, मॉलमध्ये हल्ली ‘व्हीआर राइड’चा एखादा तरी स्टॉल असतोच. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी, आभासी जग. हलणारी खुर्ची, डोळ्यांवर जाड गॉगल, आत रोलर कोस्टर आणि बाजूला मोबाइलवर शूटिंग करणारे नातेवाईक. बसलेला माणूस किंचाळला की पैसे वसूल. पण याला व्हीआर म्हणायचं का? माझं उत्तर, बहुतेक वेळा नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. गॉगल लावल्यावर नुसती मान फिरवू नका, पुढे वाका. आत टेबल दिसत असेल तर त्याच्याखाली डोकावा. खालची बाजू दिसली तर पुढे बोलू. तुम्ही वाकलात आणि टेबलही तुमच्याबरोबर खाली सरकलं, तर तुम्ही चहूबाजूंनी गुंडाळलेला सिनेमा बघताय. 360 अंशांच्या नेहमीच्या व्हिडिओचं हेच होतं. कॅमेरा जिथे उभा होता तिथे तुमचं डोकं खिळलेलं. मान कुठेही वळवा, जागा सोडायची नाही. 2014 साली गूगलने मोबाइल बसवायचा पुठ्ठ्याचा गॉगल काढला, नाव ‘कार्डबोर्ड’, त्यालाही मान वळलेली तेवढी कळायची. स्वस्त आणि मस्त प्रकार, पण व्हीआर म्हणजे एवढंच, असा समज त्याने बऱ्याच जणांचा करून दिला.

आता 1968 सालात चला. आयव्हन सदरलँड या अमेरिकन संशोधकाने डोक्यावर घालायचा पडदा बनवला. दोन डोळ्यांसाठी दोन छोट्या पिक्चर ट्यूब आणि डोकं नेमकं कुठे आहे ते मोजायला छतापासून खाली आलेला दांडा. चित्र म्हणाल तर नुसत्या उजळ रेघा, त्यांचा एक ठोकळा. आजचं लहान मूलही नाक मुरडेल. पण तुम्ही सरकलात की ठोकळ्याची दुसरी बाजू दिसायची. दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रं देण्यापेक्षा डोक्याबरोबर चित्र बदलणं जास्त महत्त्वाचं, असं सदरलँडने तेव्हाच लिहून ठेवलंय. त्याच्या यंत्रातून समोरची खोलीही दिसायची, म्हणून काही जण त्याला व्हीआरमध्ये धरत नाहीत. मी धरतो.

अर्थात चित्र बदलायला उशीर होऊन चालत नाही. सेकंदाला 100 अंश या वेगाने मान वळवा. चित्र 50 मिलिसेकंद मागे राहिलं तर 5 अंशांची चूक होते. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्धा अंश व्यापतो. म्हणजे दहा चंद्र शेजारी शेजारी मांडाल एवढं जग घसरलं! पोटात ढवळतं ते यामुळेही. म्हणून हा उशीर 20 मिलिसेकंदांच्या आत ठेवायचा, असं मानतात. तेवढ्यावरही भागत नाही, म्हणून हेडसेट, म्हणजे तो गॉगल, तुमचं डोकं पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून चित्र आधीच काढायला घेतो.

हे सगळं जमलं की काय होतं? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातला प्रयोग बघा, 2002 साली प्रसिद्ध झालेला. खोलीत आभासी खड्डा, सुमारे वीस फूट खोल. पायाखाली पक्की फरशी आहे हे लोकांना पूर्ण ठाऊक, तरी कडेला गेले की हृदयाचे ठोके वाढायचे. मग संशोधकांनी कडेच्या जागी खरीखुरी फळी ठेवली, जेमतेम दीड इंच उंचीची. पायाला ती कड लागली आणि ठोके आणखी वाढले. चित्र होतं तेच.

एक अडचण मात्र राहतेच, चालण्याची. खोली दहा बाय दहाची आणि आतलं जग मैलभर पसरलेलं. हातातल्या कंट्रोलरची कांडी दाबून पुढे जावं तर डोळे म्हणतात चाललोय, शरीराचा तोल ओळखणारा आतला कान म्हणतो बसलोय, आणि मळमळ सुरू. म्हणून पुष्कळ गेममध्ये बोट दाखवायचं आणि तिथे थेट उडी घ्यायची. माझ्या कसोटीवर ती उडी नापास, तेवढ्यापुरतं ते स्लाइड बदलणंच झालं. त्यापेक्षा एक लबाड उपाय मला आवडतो: तुम्ही चालताना जग हळूच, कळणार नाही इतकं फिरवायचं. तुम्हाला वाटतं नाकासमोर चाललोय, पाय मात्र गोल गोल फिरत असतात. त्याला हॉल मात्र चांगला ऐसपैस लागतो.