प्रश्न विचारणारे सोबती

मित्रहो, आणि मागे बसलेल्या तरुण मुलामुलींनो,

आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. माणूस उभा राहतो, प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतो आणि ऐकणारे 'आमेन' म्हणतात. ही पद्धत मला प्रिय आहे. माझी आई असल्या साक्षी ऐकून आणि देऊन कितीतरी संकटांतून तरली. मी आज जी साक्ष देणार आहे ती मात्र थोडी निराळी आहे. माझी श्रद्धा ज्या माणसांनी घट्ट केली, त्यांतली बरीचशी ख्रिस्ती नव्हती. माझ्या खोलीत, माझ्याच कॉटवर बसून त्यांनी मला असे प्रश्न विचारले की रविवारच्या उपासनेत तसे कुणी विचारले नसते. त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय मला माझ्या विश्वासाविषयी बोलताच येत नाही.

मी शिकलो नगर कॉलेजात. सरकारी कागदावर शहर आता अहिल्यानगर झालं आहे, पण जुन्या आठवणी सांगताना तोंडात 'नगर'च येतं. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली, देश स्वतंत्र होत होता त्याच वर्षी, हे कॉलेज उभं केलं. संस्थापक ख्रिस्ती होते, पण स्टेशन रोडवरच्या त्या वर्गांत येणारी पोरं सगळ्या जिल्ह्याची असत. पाथर्डीची, शेवगावची, नेवाशाची, श्रीगोंद्याची. बहुतेकांच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नसायचं. माझ्याही घरात नव्हतं. माझ्या पणजोबांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळात बाप्तिस्मा घेतला. त्याआधी ते गावाच्या महारवाड्यात राहत होते आणि बाप्तिस्म्यानंतरही तिथेच राहत होते. नगर जिल्ह्यातल्या पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांची गोष्ट अशीच आहे. "ख्रिस्ती आहेस, मग आडनाव गायकवाड कसं? नाव मराठी कसं?" असं आजही लोक आम्हाला विचारतात. त्यांना मी हीच हकीकत सांगतो.

पहिल्या वर्षाला असताना १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना कसा सांगावा, मला कळत नाही. विहिरी आटल्या, जनावरं मातीमोल भावाने गेली, आणि बापाच्या मालकीची जमीन असलेली पोरंसुद्धा सुट्टीत घरी गेली की आईबापांबरोबर खडी फोडायला जाऊ लागली. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ साली झाला. त्या वर्षी होती ती नुसती दुष्काळी कामं: रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. रेशनवर परदेशातली तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापली तर तुटायची, आणि घशाखाली उतरायला पाणी लागायचं, जे नव्हतं.

त्या वर्षी आमच्या गावच्या देवळात पावसासाठी प्रार्थना ठेवली होती. हो, आमच्या गावात चर्चला देऊळच म्हणत. रात्रभर लोक गुडघ्यांवर होते. पाऊस आला नाही. मी होस्टेलवर परत आलो तेव्हा माझा खोलीतला सोबती, नेवाशाकडच्या एका वारकरी घरातला मुलगा, सरळ म्हणाला, "अरे, तू तर म्हणतोस तुमचा देव बापासारखा ऐकतो. मग?" त्याने हे हिणवून विचारलं नव्हतं. त्याच्या घरी पोथीचं पारायण झालं होतं आणि पाऊस तिथेही आला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते नाही हे कबूल करायचीही हिंमत होत नव्हती.

मी आमच्या एका प्राध्यापकांकडे गेलो. ते मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठांपैकी एक होते, दर रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर बसायचे. मला वाटलं, ते दोन वचनं सांगतील आणि डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी बायबलातली स्तोत्रसंहिता उघडून माझ्या हातात दिली आणि एकटं बसून वाचायला सांगितलं. पण आम्ही लहानपणी पाठ केलेलं तेविसावं स्तोत्र, मेंढपाळाचं, त्यांनी दाखवलं नाही. तेरावं दाखवलं. त्याची सुरुवातच मुळी गाऱ्हाण्याने होते: परमेश्वरा, किती काळ तू मला विसरणार? मग बाविसावं. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हेच शब्द येशूने क्रुसावर उच्चारले, हे मला उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या प्रवचनांतून माहीत होतं. पण हा एक प्रश्न आहे, आणि त्याला त्या घटकेला कोणतंही उत्तर मिळालेलं नाही, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं. स्तोत्रांची जवळजवळ एकतृतीयांश पानं अशा तक्रारींनी भरलेली आहेत. देवाशी भांडणाऱ्या, रडणाऱ्या, जाब विचारणाऱ्या माणसांचे शब्द आमच्या पवित्र शास्त्रात जपून ठेवले आहेत, आणि पिढ्यान्पिढ्या ते उपासनेत वाचले जातात. म्हणजे माझ्या मित्राने विचारलेला प्रश्न आमच्या देवळात आधीपासूनच होता. फक्त आम्ही तो मोठ्याने वाचत नव्हतो.

पुढे कधीतरी त्या मित्राचे वडील होस्टेलवर आले. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला मुंडासं. रात्री मुक्काम आमच्याच खोलीत. मी ख्रिस्ती आहे कळल्यावर म्हणाले, "पोरा, तुमच्यातलं एखादं भजन म्हण बरं." मी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक पद म्हटलं. त्यांनी डोळे मिटून मांडीवर ठेका धरला, आणि ते संपताच त्याच चालीवर तुकोबांचा अभंग सुरू केला. त्यांना टिळक कोण हे ठाऊक नव्हतं. पण टिळकांना तुकोबा पक्के ठाऊक होते. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्या रात्री मला तो पूल उलट्या बाजूने दिसला. पलीकडचा माणूस माझ्या बाजूला आला, मनापासून गायला, आणि पहाटे उठून आपल्या विठोबाचं नाव घेत स्टँडकडे गेला. त्याला काही सोडावं लागलं नाही, मलाही नाही.

नगरच्या मातीत हे नवं नव्हतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ मध्ये नगरला पोहोचले. 'ज्ञानोदय' हे त्यांचं नियतकालिक १८४२ साली नगरहूनच निघालं. मिशनच्या मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. जे घ्यायचं ते घेतलं आणि आपली वाट स्वतः पाडली. टिळकांच्या घराची गोष्ट मला याहून जवळची वाटते. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. वर्षानुवर्षं त्या दूर राहिल्या, पुढे नवऱ्याच्या घरी आल्या तरी आपलं सोवळं सांभाळून राहिल्या, आणि १९०० साली स्वतःच्या मनाने, स्वतःच्या पायांनी चालत या विश्वासाकडे आल्या. मग त्याच घरात बालकवी आले. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात या पोराची कविता टिळकांनी ऐकली होती. नगरला टिळकांच्या घरी तो राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं वागवलं. तो हिंदूच राहिला. पाळकाच्या घरात राहून, जेवून, कविता लिहून तो हिंदू राहिला, आणि त्या घराची माया कमी झाली नाही. आज धर्मांतराविषयी जे बोललं जातं ते ऐकताना मला हे घर आठवतं, आणि वाटतं, हे घर खरोखर या शहरात होतं हे सगळ्यांना ओरडून सांगावं.

पण सगळे प्रश्न इतके मायेचे नव्हते. आमच्या मजल्यावर एक बौद्ध मुलगा होता, श्रीरामपूरकडचा. हुशार, वाचणारा, बोलायला धारदार. दलित पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली होती आणि तिची हवा नगरच्या होस्टेलपर्यंत आली होती. एका रात्री त्याने मला विचारलं, "तुझा पणजा आणि माझा पणजा एकाच वाड्यात राहत होते. तुझ्याने धर्म बदलला, माझ्या बापाने छप्पन साली बदलला. आता खरं सांग. तुमच्या चर्चमध्ये जात गेली का?"

गेली नव्हती. एकाच प्रभुभोजनाला बसणाऱ्या माणसांनी सोयरिकी जुळवताना जुनी चौकशी केलेली मी पाहिली होती. मूळचे महार आणि मूळचे मांग मंडळीत कुठे बसतात, कोणाच्या घरचं लग्न कोणाकडे होतं, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी त्याला तसं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्यातही पूर्ण गेलेली नाही." त्या वाक्यापासून आमची मैत्री सुरू झाली. मग कायद्याचं बोलणं निघालं. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात मुख्यतः हिंदूच होते. १९५६ साली सगळे शीख आले, पुढे १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित आजही त्यात नाही. कायद्याच्या लेखी बाप्तिस्म्याच्या पाण्याने माझ्या पणजोबांची जात धुतली गेली. गावाच्या लेखी ती तशीच राहिली. हे दुःख माझ्या समाजाचं आहे, आणि त्याला शब्द दिले ते त्या बौद्ध मित्राने. आमच्या कुठल्याही प्रवचनात तोवर मी ते ऐकलं नव्हतं.

'ख्रिस्तामध्ये यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही,' असं पौल गलतीकरांना लिहितो. लहानपणी मी हे वचन बक्षिसासाठी पाठ केलं होतं. त्या रात्रीनंतर ते माझ्यासाठी घराघरांत पुरं करायचं काम झालं. माझ्या मुलीचं लग्न ठरवताना आम्ही कुणाचंही मूळ विचारलं नाही. नातेवाईक बोलले, बोलू दिलं.

आता काळाविषयी. काळ बदलतो याचं मला दुःख नाही. मिलोची भाकरी गेली हे चांगलंच झालं. आमच्या मुली परदेशी शिकायला गेल्या, फार चांगलं झालं. चर्चमध्ये मृदंग-टाळाच्या जागी कीबोर्ड आणि ड्रम आले, त्याविषयीही मी कुरकुरत नाही, जरी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा याच जिल्ह्यात वाढली आणि आज कीर्तन उभं करू शकणारी माणसं शोधावी लागतात याने माझं मन जळतं. मला भीती वाटते ती वेगळ्या गोष्टीची. माझ्या नातवंडांना प्रश्न विचारणारे सोबती उरले नाहीत.

बाहेरच्या बाजूने पाहा. पूर्वी नाताळात आमच्या घरून करंज्या, शंकरपाळे, चकल्यांची ताटं आळीभर जायची, दिवाळीत त्यांची ताटं आमच्याकडे यायची. सुगीच्या सणाला लोक देवळात ज्वारी, अंडी, कोंबड्या अर्पण करत आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा. त्या लिलावात गावातले मराठा, माळी, मुसलमान सगळे बोली लावायचे. आता ताट न्यायचं तर काही घरांत संशयाने पाहतात: हे कशासाठी देताहेत? आजारी शेजाऱ्यासाठी प्रार्थना करायची तरी माणूस दार लोटून घेतो. माझ्या नातवाला त्याच्या वर्गातल्या मुलाने विचारलं, "तुम्हाला ख्रिश्चन व्हायला किती पैसे मिळाले?" वरवर हा प्रश्नच दिसतो, पण त्या मुलाला उत्तर नको होतं. घरी कुणीतरी त्याच्या तोंडात उत्तर आधीच घातलं होतं. माझ्या नेवाशाच्या मित्राचा प्रश्न याहून किती कठीण होता! पण तो विचारून झाल्यावर आम्ही एकाच ताटात जेवलो होतो.

आणि आतल्या बाजूनेही पाहा, कारण दोष सगळा बाहेरच्यांचा नाही. आमच्यात आता अशा काही संगती, म्हणजे प्रार्थनेचे गट, निघाल्या आहेत, जिथे शंका म्हणजे सैतानाचं काम असं शिकवतात. आजार बरा झाला नाही तर तुझा विश्वास कमी पडला, असं आजारी माणसालाच सांगतात. हे मला क्रूर वाटतं. मार्कच्या शुभवर्तमानात एक बाप आपल्या आजारी मुलाला येशूकडे घेऊन येतो आणि रडत म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." येशू त्या बापाला परत पाठवत नाही. अर्धामुर्धा विश्वास घेऊन आलेल्या त्या माणसाचं पोर तो बरं करतो. जो पाळक शंकेला दारातून हाकलतो, त्याने हा अध्याय पुन्हा वाचावा अशी माझी हात जोडून विनंती आहे.

म्हणून आमच्या मंडळीत आम्ही काही वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट सुरू केली आहे. महिन्यातून एकदा उपासनेनंतर तरुणांना चहाला थांबवतो. अट एकच: आपल्या एखाद्या बिगरख्रिस्ती मित्राला किंवा मैत्रिणीला बरोबर आणायचं, आणि विचारायचं असेल ते विचारायचं. सुरुवातीला कुणी आणलं नाही. मग एक मुलगी तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला घेऊन आली. मैत्रीण बराच वेळ गप्प बसली, आणि मग तिने विचारलं, "तुमच्यात म्हणतात येशूशिवाय तारण नाही. मग माझी आजी, जी रोज देवपूजा करते आणि कुणाचं वाईट करत नाही, तिचं काय होतं?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्ही तिला पाठ केलेलं उत्तर दिलं नाही. तिला म्हटलं, आम्हालाही आज्या आहेत, काका आहेत, जिवलग मित्र आहेत, आणि हा प्रश्न आम्हालाही रात्री जागवतो. न्याय करणारा देव प्रीती आहे, यावर आमचा विश्वास आहे, तिथून पुढे आपण एकत्र वाचू. तेव्हापासून तीन-चार मुलं वाढली आहेत. रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय चालू आहे, जिथे पौल नियमशास्त्र नसलेल्यांच्या अंतःकरणात लिहिलेल्या नियमाविषयी बोलतो. ती मैत्रीण दर वेळी येते, आणि तिच्या आजीचा प्रश्न अजून चालू आहे.

तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. चहा आमच्याकडून.