धक्का गोळीच्या मागून येतो

[दृश्य: कोरड्या नदीचं पात्र, काठाला बाभळीची झुडपं. जुनी रेखाचित्रं.]

१८६१ साल. सुदान आणि ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, सीमेवरचा, अतबारा नदीला मिळणाऱ्या नद्यांचा मुलूख. सॅम्युअल बेकर हा इंग्रज इथे आलाय तो नाईलच्या उगमाच्या शोधात, पण त्याच्या सामानातल्या बंदुका पाहिल्या तर शोध नेमका कशाचा चाललाय, असा प्रश्न पडावा.

त्यातली एक रायफल वीस पौंड वजनाची, म्हणजे नऊ किलोची. ती जो गोळा फेकते तो अर्ध्या पौंडाचा, सव्वादोनशे ग्रॅमचा, आणि आपटला की फुटणारा. बरोबरच्या अरबांनी तिचं नाव ठेवलं ‘तोफेचं पोर’. बेकर तिला नुसतं ‘बेबी’ म्हणायचा.

बार काढला की आपण वादळात वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातकुक्कुटासारखे गरकन फिरतो, असं त्यानेच लिहून ठेवलंय. आणि पुढे हेही, की मला माझ्याच रायफलीची धास्ती वाटायची. हा माणूस नवशिका नव्हता. सिलोनच्या जंगलात हत्तींच्या मागे वर्षं घालवलेला, जबर दारूचे बार खांद्यावर झेललेला. त्याच्या माणसांपैकी तर एकालाही ‘बेबी’ झाडता आली नाही. बेकर असंही सांगतो की ती क्वचितच झाडली, पण झाडली तेव्हा एकदाही नेम वाया गेला नाही. शिकाऱ्याची शेखी थोडी वजा करूनच ऐकावी. पण धास्तीची कबुली शेखीत बसत नाही, तेव्हा ती खरी धरायला हरकत नाही.

दोष कुठे होता, हे त्याला नेमकं कळलं होतं. गोळ्याच्या मानाने रायफल हलकी होती.

[दृश्य: नळीचा छेद. दारू पेटते, गोळा पुढे, बंदूक मागे.]

होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते. होडी जितकी हलकी, तितकी जोरात. बंदुकीचंही तेच. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, त्यात जळत्या दारूच्या वायूचा वाटा, एवढा सगळा संवेग बंदुकीला उलट्या दिशेने मिळतो. मग तो बंदुकीच्या वजनात वाटला जातो. बंदूक दुप्पट जड केली तर तिचा मागे येण्याचा वेग निम्मा होतो आणि खांद्यावर आदळणारी ऊर्जाही निम्मी. इथे शिकारी कात्रीत सापडतो. जड बंदूक खांद्याला बरी, पण दिवसभर उन्हात ती वाहायची कोणी?

फ्रेडरिक सेलूस या इंग्रज शिकाऱ्याने हलकी निवडली.

१८७१मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत उतरला तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. हस्तिदंताच्या मागे लागलेल्या या पोराने बर्मिंगहॅमच्या बनावटीच्या स्वस्तातल्या, ठासणीच्या चार बोअरच्या बंदुका घेतल्या. बोअरचं माप आपल्याकडे बारा बोअरमुळे ओळखीचं आहे. नळीत बसणाऱ्या गोळ्यासारखे बारा गोळे मिळून एक पौंड शिसं होतं, ती बारा बोअर. चार बोअरमध्ये पौंडाला चारच गोळे. म्हणजे एकेक गोळा एकशे तेरा ग्रॅमचा. त्यामागे तीसेक ग्रॅम काळी दारू, तीही चामड्याच्या पिशवीतून मुठीने काढून ओतलेली. आणि बंदुकीचं वजन? जेमतेम सहा किलो. हिशोब मांडला तर हिचा धक्का पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाच्या रायफलीच्या दहापटीहून जास्त निघतो.

या बंदुकांनी त्याने १८७२ ते १८७४ या तीन हंगामांत ७८ हत्ती मारले, एक सोडून सगळे पायी फिरून. त्याच्या काळात या आकड्याचं कौतुक झालं. आज तो ऐकवत नाही.

एकदा हत्तीसमोर त्याच्या हातात अशी बंदूक आली, जिच्यात एक न उडालेला बार आधीच बसलेला होता. गडबडीत त्याच्यावरच दुसरा बार ठासला गेला होता. सेलूसने चाप ओढला. तो जमिनीवरून उचलला गेला, हवेतच फिरला आणि तोंडावर वाळूत पडला. बंदूक त्याच्या खांद्यावरून मागे कितीतरी अंतरावर जाऊन पडली. उजवा हात उचलेना. उजव्या गालाच्या हाडाखाली दस्त्याने खोल जखम केली होती, तिच्यातून रक्ताची धार लागली होती. दस्त्याला हत्तीच्या कानाची ओली कातडी आवळून बसवलेली होती, तरी त्याचे तुकडे झाले.

[दृश्य: कोकणातलं घर, भिंतीवर टांगलेली ठासणीची बंदूक.]

कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारी घरं अजून आहेत. रानडुकरं भातात शिरली की ती खाली उतरते. ठासणीच्या बंदुकीत काय भरलंय हे बाहेरून कळत नाही, हा धोका तिथेही तोच. बार ठासायचा गज नळीत घालून, त्याच्यावरची खूण बघून, नळी रिकामी आहे याची खात्री करून मगच दारू ओतायची, ही सवय उगाच लागलेली नाही.

गालाची जखम भरली. सेलूसने म्हातारपणापर्यंत कुरकुर केली ती दुसऱ्याच गोष्टीची. या चार बोअरच्या बंदुकांनी माझी उमेद खचवली, त्यांचा परिणाम माझ्या नेमबाजीवर जन्मभर राहिला, त्या हातात धरल्याचाच पश्चात्ताप होतो, असं त्याने लिहिलंय. पुढे त्याच्या हातात कितीतरी सौम्य, लहान नळीच्या रायफली आल्या. नेमाचं झालेलं नुकसान त्यांनी भरून निघालं नाही.

असं का व्हावं?

[दृश्य: अतिमंद गतीत रायफल. पडद्यावर मिलिसेकंदांचा काटा.]

आधुनिक रायफलीत दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडायला एक-दीड मिलिसेकंद लागतो. माणसाला आवाज ऐकून अंग हलवायला त्याच्या शंभरपट वेळ लागतो. म्हणजे धक्का जाणवून कोणी दचकेपर्यंत गोळी कधीच निघून गेलेली असते. या बाराच्या धक्क्याने दचकून याच बाराचा नेम बिघडू शकत नाही. नेम बिघडवते ती आधीच्या बारांची आठवण. बोट चापावर दाबायला लागतं आणि शरीर येणारा मार ओळखून आधीच आखडतं. डोळे मिटतात, खांदा पुढे रेटला जातो, नळी खाली झुकते. आणि हे सगळं त्या माणसाच्या नकळत.

नकळत, म्हणून कोणी कबूल करत नाही. मैदानावरचे उस्ताद यावर एक युक्ती करतात. नेमबाजाला न सांगता खऱ्या काडतुसांमध्ये एक खोटं काडतूस घालतात. चाप ओढला जातो, ‘टक्’ एवढाच आवाज होतो, धक्का नसतो, आणि तरी नळी बोटभर खाली गेलेली सगळ्यांना दिसते. त्या क्षणी नेमबाजाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

सैन्यांना हे फार लवकर कळलं. एक शिकारी घाबरला तर हत्ती वाचतो. पलटण घाबरली तर काय, हा विचार करून ब्रिटिशांनी लढाईच्या रायफलीच्या धक्क्याला वीसेक ज्यूलची मर्यादा योग्य मानली. एनसीसीत थ्री-नॉट-थ्री झाडलेल्या आपल्याकडच्या अनेकांना तिचा खांद्यातला ठोसा आठवत असेल. ती चार किलोची रायफल या मर्यादेच्या आत बसते, पंधरा-सोळा ज्यूलवर. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट न धरता अंतर ठेवून बार काढणाऱ्या कॅडेटला हा आकडा सांगून उपयोग नाही, त्याचा खांदा निळा पडतोच.

मर्यादा धुडकावली ती जर्मनांनी. नाइलाज होता. १९१६मध्ये ब्रिटिश रणगाडे आले. त्यांचं पोलाद पुढे इतकं जाड झालं की साध्या रायफलीची गोळी भेदेना. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याने १९१८मध्ये रणगाड्यासाठीच एक रायफल काढली. तेरा मिलिमीटरहून मोठी गोळी, पावणेदोन मीटरच्या जवळपास लांबी, सतरा-अठरा किलो वजन, वागवायला दोन माणसं. इतकं वजन असूनही धक्का थ्री-नॉट-थ्रीच्या साधारण पाचपट. नळीच्या तोंडाशी वायू अडवणारा ब्रेक नाही, दस्त्याला गादी नाही, स्प्रिंग नाही. सरळ लाकूड आणि खांदा. ही रायफल दोनदाच झाडता येते, एकदा उजव्या खांद्यावरून आणि एकदा डाव्या, असा विनोद तिच्याबद्दल सांगतात. घाईत घडवलेल्या हत्यारात माणसाचा विचार राहून जातो, हे खरं. पण ब्रेकची कल्पना तेव्हा अज्ञात नव्हती, त्यामुळे या रायफलीला माफ करणं मला जड जातं.

ब्रिटिशांनी १९३७मध्ये रणगाड्यांसाठी आपली ‘बॉईज’ रायफल घेतली तेव्हा तिला ब्रेकही दिला, मागे सरकणारी नळी, स्प्रिंग आणि गादीही दिली. तरीही तिची दहशत बसली ती बसलीच. शेवटी सैनिकांचा विश्वास परत मिळवायला कॅनडाच्या लष्कराने १९४२मध्ये चक्क डिस्नेकडून प्रशिक्षणाचा चित्रपट करवून घेतला. तोवर रणगाड्यांची कातडी पुन्हा जाड झाली होती, हा भाग वेगळा.

[दृश्य: ट्रॅपचं मैदान. नारिंगी थाळी उडते, फुटते.]

आता धक्का मोठाच असायला हवा असं नाही, हे इथे दिसतं. ट्रॅप म्हणजे हवेत उडवलेल्या थाळ्या छऱ्यांच्या बंदुकीने फोडायचा खेळ. त्याच्या ऑलिंपिक प्रकारात प्राथमिक फेरीतच १२५ थाळ्या, आणि एकेका थाळीवर दोन बार काढायची मुभा. काडतुसात छऱ्यांचं वजन २४ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. एकेक धक्का किरकोळ. पण सराव धरून वर्षाकाठी ते हजारोंच्या घरात जातात आणि एखाद्या दिवशी, काहीही दुखत नसताना, बोट चाप ओढायलाच नकार देतं. थाळी समोरून निघून जाते, नेमबाज नुसता पुढे झुकतो.

अमेरिकेतल्या ट्रॅपच्या क्लबांमध्ये अशा नेमबाजांसाठी उलटा चाप मिळतो. तो आधी ओढून धरायचा, थाळी मागवायची आणि नेम बसला की बोट सोडायचं. सोडल्यावर बार उडतो. ओढायला घाबरणारं बोट सोडायला घाबरत नाही, निदान काही वर्षं तरी. अशी बंदूक दुसऱ्याच्या हातात गेली तर भलताच बार उडेल, म्हणून तिच्यावर ठळक खूण चिकटवतात. ऑलिंपिकच्या नियमांत तिला मनाई आहे.